विश्लेषण : खड्डा, कचरा आणि दिलगिरी... ब्रिटनची सरकारे किरकोळ तक्रारींपुढे का हरतात?

२५ मे २०२५, रविवारची पहाट. ब्रिटनमधील ‘साऊथ वेस्टर्न रेल्वे’ ही प्रवासी सेवा त्या दिवसापासून सरकारी मालकीची झाली. सुमारे तीन दशकांच्या खासगीकरणानंतर रेल्वे पुन्हा जनतेच्या हाती आली, असा गाजावाजा झाला. वोकिंगहून लंडनच्या वॉटर्लू स्थानकाकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिली ‘जनतेची गाडी’ निघणार होती. अडचण एकच होती. रुळांचे काम सुरू असल्याने सर्बिटनपासून पुढचा काही प्रवास बसने करायचा होता. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाचा श्रीगणेशा असा रस्त्यावर झाला.

ब्रिटनचे अलीकडचे राजकारण समजून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे. घोषणा ऐतिहासिक असते आणि नागरिकाच्या वाट्याला मात्र बदली बस येते. ब्रेग्झिट, युक्रेन, स्थलांतर या मोठ्या विषयांवर तिथे रोज चर्चा झडते. पण सरकारे घसरतात ती बहुधा खड्डा, कचरा, गृहकर्जाचा हप्ता अशा गोष्टींवर. असे का होते?

आठ वर्षांत सहा पंतप्रधान कसे?

‘१०, डाऊनिंग स्ट्रीट’ या पत्त्यावर सर्वात स्थिर कारकीर्द एका बोक्याची आहे. लॅरी नावाचा हा बोका फेब्रुवारी २०११ मध्ये उंदीर पकडण्याच्या कामावर रुजू झाला. डेव्हिड कॅमेरॉन, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि कीअर स्टार्मर असे सहा पंतप्रधान त्याने पाहिले. यातला पहिला जुलै २०१६ मध्ये गेला आणि सहावा जुलै २०२४ मध्ये आला. यांपैकी एकालाही निवडून न देता लॅरी घरात टिकला, कारण त्याने कधी कसले आश्वासन दिले नव्हते.

कॅमेरॉन आणि मे यांना ब्रेग्झिटने घालवले. ते खरोखरच मोठे कारण होते. पुढे मात्र कारणे घरगुती होत गेली. करोनाकाळात जॉन्सन सरकारच्या धोरणांतील चुकांवर पुष्कळ टीका झाली, पण जनमत उलटले ते पार्ट्यांमुळे. सामान्य माणूस आप्तांच्या अंत्यविधीलाही जाऊ शकत नसताना सरकारी कार्यालयांत मेळावे रंगत होते. लंडन पोलिसांनी या प्रकरणात १२६ दंडपावत्या फाडल्या. त्यातली एक खुद्द पंतप्रधानांच्या नावे होती आणि एक तेव्हाचे अर्थमंत्री सुनक यांच्या नावे. जुलै २०२२ मध्ये जॉन्सन यांना जावे लागले. निमित्त एका सहकारी खासदाराच्या गैरवर्तनावरील सारवासारवीचे होते, पण ‘नियम आम्हालाच का?’ हा राग त्याआधीच साठला होता.

ट्रस यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या अर्थमंत्र्यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पण पैसा कुठून येणार हे सांगितले नाही. पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकाला गेला, बँक ऑफ इंग्लंडला रोखेबाजारात उतरावे लागले आणि दोन वर्षांच्या स्थिर गृहकर्जाचा व्याजदर सहा टक्क्यांवर पोहोचला. रोखेबाजार कसा चालतो हे सगळ्यांना कळत नाही, पण हप्ता सगळ्यांना कळतो. ४९ दिवसांत त्यांची कारकीर्द संपली. त्यांच्या अखेरच्या आठवड्यात एका खपाच्या दैनिकाने टोप घातलेल्या लेट्यूसच्या गड्ड्यासमोर कॅमेरा लावून ‘आधी कोण सुकते’ याचे थेट प्रक्षेपण केले. लेट्यूस जिंकला.

हा प्रकार नवा नाही. खाणकामगारांच्या संपापुढे आणि फॉकलंडच्या युद्धात न डगमगलेल्या मार्गारेट थॅचर १९९० मध्ये पायउतार झाल्या, त्यामागे युरोपविषयक मतभेदांबरोबर दरडोई स्थानिक कराचा संतापही होता. पोलादी म्हणवल्या जाणाऱ्या बाईंना नगरपालिकेच्या पट्टीने जायबंदी केले.

खड्ड्याचे एवढे राजकारण कशासाठी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी लंडन ते उत्तर इंग्लंड या ‘एचएस-२’ अतिवेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅम–मँचेस्टर टप्पा रद्द केला. घोषणेसाठी पक्षाचे अधिवेशन निवडले आणि ते अधिवेशन मँचेस्टरमध्येच होते. सभागृह म्हणजे एक जुने, बंद पडलेले रेल्वे स्थानकच. मँचेस्टरला गाडी मिळणार नाही हे मँचेस्टरच्याच माजी स्थानकात सांगितले गेले. वाचलेल्या पैशांतून ८.३ अब्ज पौंड अकरा वर्षांत रस्ते दुरुस्त करण्यासाठी दिले जातील, असेही जाहीर झाले. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या स्वप्नाचा शेवट खड्ड्यात झाला, असे म्हणायला विरोधकांना काही कल्पनाशक्ती लागली नाही.

उरलेल्या टप्प्याची कथाही सरळ नाही. बकिंगहॅमशायरमधील एका जंगलाजवळ दुर्मीळ वटवाघळांना गाडीचा धक्का लागू नये म्हणून सुमारे एक किलोमीटर लांबीचे आच्छादन उभारले जात आहे. त्याचा खर्च १० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे प्रकल्पाच्या तत्कालीन अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. वटवाघळांचे रक्षण व्हायलाच हवे. पण या देशात वटवाघळाला जेवढे कागदोपत्री संरक्षण आहे, तेवढे साडेसातच्या गाडीची वाट पाहणाऱ्याला नाही, हेही खरे.

खड्ड्यांचे म्हणाल तर इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक रस्ते पूर्ववत करायला १६ अब्ज पौंडांहून अधिक खर्च येईल, असा अंदाज डांबर उद्योगाच्या संघटनेने २०२४ मध्ये दिला होता. डांबर विकणाऱ्यांचा अंदाज थोडा सढळ असणार, हे धरूनही आकडा लहान होत नाही. मार्च २०२२ मध्ये गायक रॉड स्टुअर्ट यांनी घराजवळच्या रस्त्यावर स्वतः फावडे घेऊन खड्डे बुजवले, कारण त्यांची फेरारी तिथून जाऊ शकत नव्हती. मार्च २०२५ मध्ये स्टार्मर सरकारने वेगळा उपाय काढला. किती खड्डे बुजवले याचा अहवाल परिषदांनी प्रसिद्ध करावा, नाहीतर वाढीव निधीचा चौथा हिस्सा रोखला जाईल. खड्डा बुजो न बुजो, अहवाल वेळेत हवा.

स्थानिक परिषदा काम का करत नाहीत?

त्या आळशी आहेत, हे सोपे उत्तर आहे आणि बरेचसे चुकीचे आहे. इंग्लंडमध्ये घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, आजही घराच्या एप्रिल १९९१ मधील किमतीवरून ठरते. त्यानंतर बांधलेल्या घराची किंमत ‘१९९१ मध्ये ते असते तर किती असती’ अशी काढली जाते. नवे मूल्यांकन केले तर काहींची पट्टी वाढणार आणि ते नाराज होणार. थॅचर यांचे काय झाले हे सगळ्या पक्षांना आठवते, त्यामुळे तीन दशकांत एकाही सरकारने त्या फायलीला हात लावलेला नाही.

दुसरीकडे २०१० नंतरच्या काटकसरीच्या दशकात केंद्राकडून येणारे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले गेले. वृद्ध आणि अपंगांची देखभाल, निराधार मुलांची काळजी ही कामे मात्र कायद्याने बंधनकारक आहेत आणि त्यांचा खर्च वाढतच आहे. त्या दोन खात्यांनी तिजोरी रिकामी केली की उरलेल्या चिल्लरीत रस्ते, वाचनालये, बागा आणि कचरा भागवायचा. नागरिक मात्र परिषदेला ओळखतो तो कचऱ्याच्या पेटीवरून. शेजारच्या आजींच्या देखभालीवर परिषदेने काय खर्च केला, हे त्याला दिसत नाही. न उचललेली पेटी रोज दिसते.

काही परिषदांनी पैशासाठी धाडसही केले. वोकिंगच्या नगर परिषदेने कर्ज काढून गगनचुंबी इमारती आणि हॉटेलच्या प्रकल्पात पैसा ओतला आणि जून २०२३ मध्ये खर्च भागत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमनेही तेच केले. तिथे समान वेतनाची थकलेली देणी आणि फसलेली संगणकप्रणाली ही मोठी कारणे होती. मार्च २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या सफाई कामगारांनी बेमुदत संप पुकारला. महिनाअखेरीस रस्त्यावर १७ हजार टन कचरा साचला आणि उंदरांची चंगळ झाली. लॅरीला मात्र बदलीचे आदेश निघाले नाहीत.

कचऱ्याने राष्ट्रीय नेत्यांनाही भुरळ घातली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक यांनी घरोघरी सात वेगवेगळ्या कचरापेट्या ठेवण्याची कल्पना आपण मोडीत काढत असल्याचे ठणकावून सांगितले. अशी सक्ती प्रत्यक्षात कधी लागूच झाली नव्हती. नसलेली अडचण दूर करणे हा सर्वात स्वस्त विकास होय.

मग जबाबदार कोण?

इथेच खरी मेख आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक कामाला एक कंपनी आहे, कंपनीवर एक नियामक आहे, नियामकावर एक मंत्री आहे आणि मंत्र्यावर एक समिती आहे. तक्रार या साखळीत शिरते आणि दमून बाहेर पडते.

पाण्याचे घ्या. इंग्लंड-वेल्समधील जलकंपन्या १९८९ मध्ये खासगी झाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हते. लंडनला पाणी पुरवणाऱ्या ‘थेम्स वॉटर’चे कर्ज २०२४ पर्यंत १५ अब्ज पौंडांपलीकडे गेले. दरम्यान, पावसाच्या वेळी सांडपाणी नदीत सोडण्याची सवलत ही सवय झाली. २०२३ मध्ये इंग्लंडमधील नद्या आणि समुद्रात मिळून ३६ लाख तासांहून अधिक काळ असे सांडपाणी सोडले गेले. मार्च २०२४ च्या ऑक्सफर्ड–केंब्रिज नौकाशर्यतीत खेळाडूंना थेम्सच्या पाण्यात उतरू नका, असे बजावावे लागले. सुकाणू धरणाऱ्या सहकाऱ्याला पाण्यात फेकून विजय साजरा करण्याची प्रथा त्या वर्षी सुटली.

मे २०२५ मध्ये जलनियामक ‘ऑफवॉट’ने थेम्स वॉटरला १२ कोटी २७ लाख पौंडांचा विक्रमी दंड ठोठावला. दोनच महिन्यांत सरकारने ऑफवॉटच बरखास्त करण्याचे जाहीर केले. त्याने इतकी वर्षे डोळेझाक केली, हे त्यामागचे कारण होते आणि ते चुकीचे नव्हते. पण कंपनी नियामकाकडे, नियामक सरकारकडे आणि सरकार आधीच्या सरकारकडे बोट दाखवत असताना नळाचे बिल मात्र अचूक पत्त्यावर येते.

आरोग्यसेवेतही तेच. १९४८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा हा ब्रिटनचा खरा अभिमान आहे. तिथे उपचार मोफत आहेत, फक्त आधी डॉक्टर भेटावा लागतो. त्यासाठी अनेक ठिकाणी सकाळी बरोबर आठ वाजता दवाखान्याला फोन लावायचा असतो. त्याच क्षणी सगळा परिसर तोच क्रमांक फिरवत असतो. साडेआठला भेटीच्या वेळा संपतात आणि ‘उद्या आठला प्रयत्न करा’ असा सल्ला मिळतो. स्टार्मर सत्तेवर आले तेव्हा इंग्लंडमध्ये रुग्णालयीन उपचारांच्या प्रतीक्षायादीत सुमारे ७६ लाख नोंदी होत्या.

दिलगिरीने काम भागते का?

ब्रिटिश माणूस पाय तुडवला गेला तरी स्वतःच ‘सॉरी’ म्हणतो, असे गमतीने म्हणतात. यंत्रणेने हा गुण उचलला, पण वापर बदलला. गाडी उशिरा आल्याबद्दल ध्वनिमुद्रित आवाज दिलगिरी व्यक्त करतो. हा आवाज थकत नाही, ओशाळत नाही आणि गाडीही आणत नाही. संशयास्पद वस्तू ‘पाहा, सांगा, मिटलेच समजा’ अशा अर्थाची एक उद्घोषणा तर २०१६ पासून प्रवाशांच्या कानी इतकी पडते की, मिटत नसलेली गोष्ट तीच आहे, असे अनेकांचे मत झाले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी गाड्यांमधील निरर्थक उद्घोषणा कमी करण्याची उद्घोषणा केली. ‘मिटलेच समजा’ मात्र तिलाही पुरून उरली.

तक्रारनिवारणाचा सर्वात प्रसिद्ध प्रयोग जॉन मेजर यांचा. महामार्गावर काम नसतानाही मांडून ठेवलेल्या शंकूंनी वाहनचालक वैतागत, म्हणून १९९२ मध्ये खास दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. शंकू दिसला की फोन करा. तीन वर्षांत तो क्रमांक बंद पडला आणि विनोदाचा विषय म्हणून अजर झाला. मेजर यांची नाडीपरीक्षा बरोबर होती, लोक खरेच वैतागले होते. त्यांनी तक्रार ऐकण्याची सोय केली, पण शंकू उचलण्याची केली नाही.

हसण्यावारी नेण्यासारखे आहे का?

नाही. किरकोळ तक्रार ऐकून सोडून दिली की काय होते, याचे उत्तर ब्रिटनच्या टपाल खात्याने दिले आहे.

१९९९ पासून टपाल कार्यालयांत फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली. गावोगावची छोटी कार्यालये चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. त्यांची तक्रार साधी होती. रोकड बरोबर आहे, संगणक चुकतोय. मदतकक्षाकडून अनेकांना उत्तर मिळाले की, असा त्रास आणखी कुणालाच नाही. करारानुसार तूट स्वतःच्या खिशातून भरायची होती. कुणी दागिने विकले, कुणी घर गहाण टाकले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवले गेले. सरे परगण्यात टपाल कार्यालय चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये तुरुंगात पाठवले गेले, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्या निर्दोष असल्याचा निकाल यायला एप्रिल २०२१ उजाडले. या छळामुळे किमान १३ जणांनी आयुष्य संपवले असावे, असे चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालात म्हटले आहे.

‘कॉम्प्युटर वीकली’ या व्यवसायविषयक नियतकालिकाने २००९ मध्येच हा प्रकार छापला होता. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने पोस्टमास्तर संघटित झाले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. तरीही सरकार खऱ्या अर्थाने हलले ते जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर या विषयावरील मालिका दाखवली गेल्यावर. मग काही महिन्यांत कायदा होऊन शिक्षा सरसकट रद्द झाल्या. जे काम व्हायला दीड दशक अपुरे पडले, ते चार भागांच्या मालिकेनंतर जमले. बातमी होती, पण ती कंटाळवाणी होती. लेट्यूससारखी मजेदार नव्हती.

‘तुम्ही एकटेच आहात’ हे वाक्य म्हणूनच ब्रिटनमधील सर्वात महागडे वाक्य ठरले. खड्ड्याची तक्रार करणारा, आठ वाजता फोन लावणारा आणि हिशेब जुळत नाही म्हणणारा पोस्टमास्तर यांच्या दुःखाची तुलना होऊ शकत नाही. पण तिघांना मिळणारे उत्तर एकाच साच्यातले असते.

मराठी वाचकाने यात काय पाहावे?

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीची. टपाल, रेल्वे, नगरपालिका या व्यवस्थांचा इथला सांगाडाही बराचसा त्याच काळातला. तो ज्यांनी घडवला, त्यांच्याकडेही तो करकरत असेल तर ‘तिकडे सगळे वेळेवर असते’ हा आपला जुना समज तपासून घ्यायला हवा. शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी मुलांना तो पहिल्याच महिन्यात तपासावा लागतो, बहुधा बदली बसमध्ये बसून.

पुढे काय?

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, पण मते ३३.७ टक्केच. प्रचंड बहुमत आणि तुटपुंजा संयम अशी ही सत्ता होती. महिनाभरात सरकारने सुमारे एक कोटी निवृत्तांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेतला. मोठ्या अर्थसंकल्पात ती रक्कम फार नव्हती, थंडीत कुडकुडणाऱ्या घरात मात्र होती. जून २०२५ मध्ये बहुतेकांना तो परत द्यावा लागला. दरम्यान मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या ‘रिफॉर्म यूके’ने ६७७ जागा आणि दहा परिषदा जिंकल्या. यंत्रणेवरचा राग हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्याच हाती तिथले खड्डे आले. बोट दाखवण्यासाठी आता त्यांनाही कुणीतरी शोधावा लागेल आणि ब्रिटनमध्ये त्याची टंचाई नाही.

मतदार संतापी झाला, अतिरेकाकडे वळला, अशी चिंता लंडनमधील जाणकार व्यक्त करतात. ती रास्त आहे. पण तो संताप भाषणांतून उगवलेला नाही. बंद पडलेल्या फोनवरून, न आलेल्या गाडीतून, न उचललेल्या पेटीतून तो रोज थोडा थोडा साठला आहे. त्यावर नव्या राष्ट्रीय दृष्टिकोनाचा उतारा शोधण्यापेक्षा अमुक खड्डा अमुक माणसाच्या नावावर आहे आणि तो न बुजल्यास त्याला विचारता येते, एवढी सोय झाली तरी पुष्कळ होईल. तशी सोय होईपर्यंत गैरसोयीबद्दलची दिलगिरी नियमित ऐकू येत राहील. वेळेवर येणारी ती एकमेव सेवा आहे.